ठेवणीतली इच्छा

आमच्या आईने मांत्रिक व्हायचं ठरवलं ते केवळ बैठं काम म्हणून. "तलवार-बिलवार मला झेपायची नाही, आणि लोकांची कुलपं उघडत हिंडणं हा काही चांगल्या घरच्या बाईचा उद्योग नव्हे. बसल्या जागी होईल असं काय आहे?" असं तिने विचारलं. माझ्या मैत्रिणीने पुस्तिकेची पानं उलटीसुलटी करून सांगितलं, "मांत्रिक व्हा, माशिमा. नुसतं बोलायचं, की झालं काम."

"मग तेच बरं," आई म्हणाली. "घरात तर शंभरदा बोलूनही होत नाही."

हा सगळा प्रकार कलकत्त्यातला. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. दिवे रोज जायचे, आणि ते कधी जातील यावर लोक पैजा लावायचे. आम्ही कालीघाटजवळ एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खाली घरमालक. ती मैत्रीण त्यांचीच मुलगी, माझ्याच कॉलेजात, माझ्याच वर्गात; आईला ती माशिमा, म्हणजे मावशी, म्हणायची आणि बाबांना मेशोमशाय, म्हणजे काका. तिचा दादा अमेरिकेत शिकत होता. तो सुटीवर आला तेव्हा तिच्यासाठी एक खोका घेऊन आला. घरच्यांना वाटलं चॉकलेटं असणार. निघाल्या बारीक टायपातल्या पुस्तिका आणि विचित्र कोनांचे, नाना आकारांचे फासे. तिची आई आठवडाभर हळहळत होती.

त्या खेळाला पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. एकाने सूत्रधार व्हायचं आणि सांगायचं, "तुम्ही एका भुयाराच्या तोंडाशी उभ्या आहात, आतून कुबट वास येतोय, काय करता?" बाकीच्यांनी आपण भलतंच कुणीतरी आहोत असं समजून उत्तर द्यायचं. घाव बसला की हुकला, ते फाशांनी ठरवायचं. मैत्रीण सूत्रधार झाली आणि मी तलवारवाली. पण एकटी तलवारवाली भुयारात शिरली की पहिल्या वळणावर मरते, हे मी लागोपाठ मरून सिद्ध केलं होतं. दुसरा गडी हवाच होता. दुपारी मोकळं असलेलं माणूस घरात एकच होतं, आणि ते आमच्या शेजारी मटार सोलत बसलेलं असायचं.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा केंद्र सरकारात अधिकारी. नियमांचे अर्थ लावणं आणि दुसऱ्यांच्या मसुद्यांवर हरकती काढणं हे त्यांचं काम, आणि घरी आल्यावर तोच त्यांचा विरंगुळा. दर तीन-चार वर्षांनी बदली. झाशी, भोपाळ, विशाखापट्टण. एका गावच्या शिव्या नीट तोंडात बसेपर्यंत आमचं सामान बांधून व्हायचं. शाळा किती बदलल्या ते मी मोजायचं सोडून दिलं होतं. कलकत्त्यात मात्र मला पहिल्यांदा अशी मैत्रीण मिळाली जिच्याशी भांडलं तरी दुसऱ्या दिवशी बोलता येत होतं. बी.ए.चं एक वर्ष राहिलं होतं. मला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: बदली आली तरी ते वर्ष इथेच, याच कॉलेजात पुरं करायचं. मी विचारून पाहिलं होतं. बाबा म्हणाले होते, "बघू." आमच्या घरात "बघू" म्हणजे "नाही". फक्त वाद टळावा म्हणून जरा वेगळं म्हटलेलं.

आणि आई? तिला बंगाली येत नव्हतं. मराठी मंडळ होतं, पण ते दूर, आणि त्यातली माणसं भेटायची ती गणपतीत आणि हळदीकुंकवाला. एरवी सकाळी मी आणि बाबा बाहेर पडलो की मी परत येईपर्यंत तिच्याशी मराठी बोलणारं रेडिओतसुद्धा कुणी नव्हतं. त्यामुळे आमच्या भुयारात ती शिरली ती जादूच्या ओढीने नव्हे. तिला बोलायला माणसं हवी होती.

आता मैत्रिणीचं जग. ते आधी सगळं कादंबऱ्यांतून आलेलं होतं. फ्री स्कूल स्ट्रीटच्या फुटपाथवर जुनी इंग्रजी पुस्तकं मिळत, मुखपृष्ठ फाटलेली, पहिली चार पानं गायब. ती त्यातून नेमकी जादूची उचलून आणायची आणि मलाही वाचायला लावायची. त्या कादंबऱ्यांत जादू कायम म्हातारी असते. पूर्वी पुष्कळ होती, आता थोडी उरली आहे, आणि उरली आहे ती कुठल्याशा पडक्या बुरुजात एका तिरसट आजोबांकडे. तलवारींना नावं असतात, झाडांना राग येतो, ड्रॅगन सोन्यावर बसून राहतो आणि त्या सोन्याचं काहीही करत नाही. मैत्रिणीचं म्हणणं असं की खेळ रचणाऱ्यांनीही हीच पुस्तकं वाचली असणार. पुस्तिकेतला एकेक नियम कुठल्या ना कुठल्या कादंबरीतून मुळासकट उपटलेला आहे, आणि मुळांची माती अजून झटकलेली नाही. एखादा नियम विचित्र वाटला की ती म्हणायची, "थांब, हा कुठल्या पुस्तकातला ते आठवू दे." आणि बहुतेक वेळा तिला आठवायचं.

भुयाराची जागा मात्र तिने स्वतःच्या डोक्याने काढली. तेव्हा पाताळ रेल्वेसाठी चौरंगी खणून ठेवली होती. एस्प्लनेडला ट्रामला वळसा पडायचा, आणि पत्र्यांच्या फटीतून खाली पाहिलं की चिखल आणि काळोख. ही रेल्वे आपल्या हयातीत काही धावत नाही, असं अख्खं कलकत्ता छातीठोकपणे सांगत होतं. मग खाली ड्रॅगन असायला कुणाची काय हरकत? आमचं भुयार तिथूनच सुरू झालं.

आईने पहिल्याच दिवशी विचारलं, "इतकी मंडळी खाली राहतात, तर पाणी कुठून भरतात?"

मैत्रिणीने पुस्तिका पाहिली. पुस्तिकेत पाण्याचं काही नव्हतं. तिने तिसऱ्या दालनात एक विहीर काढली. आई म्हणाली, "आणि स्वयंपाकाचा धूर?" मग धुराडं आलं. "राक्षसाला बायको असेल ना? की हा एवढा मोठा डोंगर हातानेच करून खातो?" राक्षसाला बायको आली. कादंबऱ्यांतल्या त्या ओसाड, उदास तळघरांत आईने पंधरा दिवसांत नांदतं गाव बसवलं. पुढे त्याच धुराड्यातून आम्ही दोनदा जीव घेऊन पळालो, तेव्हा मैत्रिणीला आईचा मोठेपणा कळला.

फाशांना मात्र तिने हात लावला नाही. फाशांपायी राज्यं गेली आहेत, म्हणायची. तिच्यासाठी आम्ही आकडे घातलेल्या चिठ्ठ्या केल्या आणि हळदीकुंकवाच्या जुन्या करंड्यात टाकल्या. ती डोळे मिटून चिठ्ठी उचलायची. तिच्या चिठ्ठ्या माझ्या फाशांपेक्षा नेहमी बऱ्या निघायच्या, याचं मला मनापासून वाईट वाटायचं.

जादू कुठून येते, यावर तिघींचं कधी पटलं नाही. मैत्रीण म्हणे, कादंबरीत ती विद्या असते, जाड पोथ्या वाचून मिळवायची. पण तिच्या आजीच्या बंगाली गोष्टींत ती वस्तूत असायची: काडीत, डबीत, तळ्याच्या तळाशी कोंडलेल्या भुंग्यात. आई म्हणे, जादू काय कुणी शिकतं होय? ती मिळते. बाई रानात रडत बसलेली असते, वरून शंकर-पार्वतीचं विमान चाललेलं असतं, पार्वती म्हणते कोण रडतंय ते बघा, की झालं. शेवटी मैत्रिणीने तिन्ही प्रकार नकाशात घातले. पोथ्यांचा बुरूज, तळं, आणि एक रान, जिथे बसून रडायची सोय होती.

रविवारी आरामखुर्चीत वर्तमानपत्राआड बसलेले बाबा हे ऐकत असत. ते खेळत नव्हते, पण हरकती काढत होते. "एकाच गावात तीन खाती, आणि तिन्हींचं काम एकच," ते म्हणाले. "तुमच्या त्या अमेरिकनांनी हे आपल्या सरकारातून उचललेलं दिसतंय."

त्यांची सगळ्यात मोठी हरकत दुसऱ्याच नियमावर होती. पुस्तिकेत होतं की मांत्रिक सकाळी मंत्र पाठ करतो, आणि एकदा म्हटला की तो त्याच्या डोक्यातून पुसला जातो. पुन्हा हवा तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठ करायचा. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"म्हटला की विसरतो? मग तो मांत्रिक कसला? ढ आहे ढ!"

"मेशोमशाय, हे एका कादंबरीतून आलंय," मैत्रीण कळवळून म्हणाली. "मंत्र इतका जड असतो की डोक्यात दोन-तीनच मावतात. म्हटला की उडून जातो."

"आमच्याकडे उलट आहे. जितक्या वेळा म्हणाल तितकं पक्कं होतं. मी लहानपणी पाठ केलेली पावकी अजून म्हणून दाखवतो." आणि खरोखरच दाखवली. मैत्रीण बिचारी शेवटपर्यंत हात जोडून ऐकत राहिली, तिला वाटलं स्तोत्र आहे.

मग ती नियम बदलायला तयार झाली. आईने अडवलं. "राहू दे. वापरलं की संपतं, हे बरोबरच आहे. तूप संपतं, साखर संपते, मंत्रालाच काय सोनं लागलंय?"

तिने हा नियम इतक्या आनंदाने का मानला, ते आम्हाला लवकरच कळलं. तिने मंत्र वापरलेच नाहीत. आमच्या घरात प्रत्येक चांगली वस्तू ठेवणीतली. ठेवणीतली पातळं, ठेवणीतले कप, ठेवणीतला मसाला. मंत्रही ठेवणीत गेले. समोरून भुतावळ येतेय, मी रक्तबंबाळ, मैत्रीण ओरडतेय, "माशिमा, अग्निमंत्र!" आणि आई शांतपणे म्हणतेय, "एवढ्यात नको. अडीनडीला लागेल."

"अगं आई, ही अडीनडीच आहे!"

"ही कसली? याहून वाईट येईल."

मग ती भुतावळीशी बोलायची. पुस्तिकेत तशी सोय होती: समोरच्याला तुम्ही आवडलात की नाही, त्याची चिठ्ठी काढायची. पण बोलायचं काय, ते लिहिलेलं नव्हतं. आईला कुणी सांगायची गरज नव्हती. परमुलखात भेटलेल्या कुठल्याही प्राण्याला ती एकच प्रश्न विचारायची, "तुम्ही मूळचे कुठले?" हिरव्या कातडीचे, सुळेवाले ते बुटके चक्रावून जायचे. त्यांना मूळ गाव द्यावं लागे, गावाला नदी द्यावी लागे, आणि तिकडून इकडे का यावं लागलं तेही सांगावं लागे. मैत्रिणीच्या वहीतला नकाशा त्या एका प्रश्नापायी चौपट झाला. त्यातले निम्मे राक्षस बदली होऊन आलेले निघाले.

या सगळ्यात आई बंगाली शिकली. मैत्रीण बंगाली-हिंदीत सांगायची, आई मराठी-हिंदीत उत्तर द्यायची, आणि हळूहळू मधली हिंदी गळून पडली. फक्त क्रम जरा उलटा झाला. वांग्याचा भाव विचारायच्या आधी तिला शाप द्यायला येऊ लागलं. बाजारात एकदा भाजीवाल्याने काटा मारला तेव्हा तिने त्याला, तुझा वंश पाषाण होवो, असं काहीतरी शुद्ध बंगालीत सुनावलं. तो इतका हबकला की वर दोन लिंबं घातली.

इच्छेची गुंडाळी आम्हाला राक्षसाच्या बायकोने दिली. तिच्या नवऱ्याला जळजळ होत होती, आईने ओवा आणि सैंधव सांगितलं, त्याला उतार पडला, आणि तिने पेटीतून काढून ती भेट दिली. मैत्रिणीने खरोखरच्या कागदाची गुंडाळी करून लाल दोरा बांधून आणली होती. नियम असा, की गुंडाळी मोठ्याने वाचायची आणि एक इच्छा मागायची. काहीही. एकदा मागितली की कागद कोरा.

"पण जपून," मैत्रीण म्हणाली. "कादंबरीत इच्छा कधी फुकट मिळत नाही. मागाल ते मिळतं, पण त्याची किंमत तुम्हाला न दिसलेल्या जागेतून वसूल होते. अमर कर म्हणालात तर दगड करून ठेवील."

हे ऐकून बाबांनी वर्तमानपत्राची घडीच घातली. इतके दिवस ज्याची वाट पाहत होते ते काम एकदाचं समोर आलं होतं. त्या संध्याकाळपासून ते इच्छेचा मसुदा करायला बसले. "सदर इच्छेच्या पूर्ततेमुळे इच्छुक, तिची सहकारी व त्यांचे वारस यांच्या विद्यमान स्थितीस कोणत्याही प्रकारे बाध येणार नाही," अशा अर्थाची इंग्रजी सुरुवात होती. मग पोटकलमं. ड्रॅगन म्हणजे काय, याची व्याख्या. मैत्रिणीने त्यात एक पळवाट काढून दाखवली की ते खूश होऊन ती बुजवायला बसायचे. आयुष्यात त्यांना असा तोलामोलाचा प्रतिपक्ष भेटला नव्हता.

आई म्हणाली, "इतकं लांबलचक मागणं कुणी ऐकून घेतं होय?" आणि गुंडाळी ठेवणीत टाकली.

मग मद्रासची ऑर्डर आली.

मी रडले, भांडले, एका जेवणावर रुसले. बाबा म्हणाले, "मद्रासला काय कॉलेजं नाहीत?" मी म्हटलं, आहेत, पण तिथे माझं कुणी नाही. ते म्हणाले, "आम्ही आहोत की. मुलीला मागे ठेवून बिऱ्हाड हलत नाही." विषय संपला. आई हे सगळं होत असताना भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. ती एक अक्षर बोलली नाही, आणि मला बाबांपेक्षा तिचाच जास्त राग आला. राक्षसाच्या बायकोसाठी जिला शब्द सुचतात, तिला पोटच्या पोरीसाठी सुचू नयेत!

जायच्या आधीच्या रविवारी आम्ही शेवटचे खेळायला बसलो. भोवती खोकी रचलेली. दिवे गेलेले, पंखा बंद, मैत्रीण एका हाताने वारा घेत दुसऱ्या हाताने नकाशा सांभाळत होती. एस्प्लनेडच्या तळाशी आम्ही एकदाच्या ड्रॅगनपाशी पोचलो होतो. त्याने पहिल्याच फुंकरीत मला आडवं केलं. बाबा खुर्ची ओढून जवळ आले, हातात मसुद्याची अखेरची प्रत.

"माशिमा, आता नाही तर कधीच नाही," मैत्रीण म्हणाली. "ही मरतेय. वाचा."

आईने गुंडाळी हातात घेतली. दोरा सोडला नाही. ती जमिनीवर ठेवली आणि बाबांकडे वळून मराठीत म्हणाली, "अहो, आजवर मी तुमच्याकडे काही मागितलं नाही."

"आत्ता?" बाबा म्हणाले. "खेळ चाललाय ना?"

"खेळ राहू दे. हिला इथे ठेवू या. तिचं वर्ष पुरं होऊ दे."

मैत्रिणीला मराठी येत नव्हतं, पण तिने हातातला पंखा खाली ठेवला. बाबांनी सवयीने हातातल्या कागदाकडे पाहिलं. तिथे याचं उत्तर नव्हतं.

"राहील कुठे?"

"हॉस्टेल आहे. खाली ही मंडळी आहेत. मी हिच्या मैत्रिणीच्या आईशी बोलले आहे."

"आणि तू?" बाबांचा आवाज एकदम उतरला. "परकं गाव, भाषा नाही, ओळख नाही. मी सकाळी जाणार तो संध्याकाळी येणार. इथे निदान ही तरी होती. तू तिथे दिवसभर एकटी काय करशील?"

"ते हिशेबात धरूनच मागतेय," आई म्हणाली.

बाबांनी मसुद्याची घडी घातली, ती खिशात ठेवली आणि म्हणाले, "बरं. राहू दे तिला."

मला पुढचं काही आठवत नाही, कारण मी मरायला टेकलेली असूनही उड्या मारत होते. मैत्रिणीला मिठी मारली, तिला बंगालीत सगळं सांगितलं, मग आम्ही दोघी नाचत खाली तिच्या आईकडे पळालो. ड्रॅगन तसाच बसून राहिला. हावड्याला गाडी सुटेपर्यंत मी हसतच होते. आई खिडकीतून सांगत होती, केसांना तेल लाव, रात्री दही खाऊ नकोस, आणि मी मान डोलवत होते, कधी एकदा हिरवा दिवा लागतो आणि कधी एकदा माझं नवं आयुष्य सुरू होतं या घाईत.

त्यानंतरच्या आठवड्यात, बुधवारी, कॉलेज लवकर सुटलं. मैत्रीण म्हणाली, चल, ड्रॅगनचं काय ते संपवून टाकू. तिच्या खोलीत तिने नकाशा पसरला, फासे मांडले, चिठ्ठ्याही मांडल्या. "तू जमिनीवर पडली आहेस," ती म्हणाली. "ड्रॅगन वाकून बघतोय. काय करतेस?"

मी सवयीने आईसाठी शेजारी पाहिलं, आणि मला रडू फुटलं. दुपारचे तीन वाजले होते. बाबा ऑफिसात असणार. मद्रासच्या कुठल्याशा नव्या घरात, अर्धवट उघडलेल्या खोक्यांमध्ये, आई या वेळी एकटी बसलेली असणार. हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं. तिने ते आधीच धरलं होतं.